आत्याची जागा

९ फेब्रुवारी

आत्या,

मेल पाठवला की तू दोन ओळींत उत्तर देतेस, आणि फोन लावला की बाबा अर्ध्यातच तो माझ्या हातातून काढून घेतात. म्हणून हा कागद. आता तुलाही कागदावरच लिहावं लागेल, सुटका नाही.

पीएचडी झाली हे बाबांनी तुला माझ्याआधीच कळवलं असणार. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक दोन तास बोलले, त्यातला बराचसा वेळ स्वतःबद्दल. मी बाहेर आले तर आई दाराशीच. तिचा प्रश्न, "आता तुला डॉक्टर म्हणायचं ना?" बाबांचा प्रश्न, "मग नोकरी कधी?" मी म्हटलं, आता पोस्टडॉक. "म्हणजे काय?" म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी लॅबमध्ये दोन-तीन वर्षांच्या करारावर संशोधन करायचं, ते जमलं तर कायमच्या जागेसाठी अर्ज करायचा. बाबा म्हणाले, "म्हणजे उमेदवारीच की. मग एवढी वर्षं काय चाललं होतं?" मी म्हटलं, "तीही उमेदवारीच होती, बाबा." त्यानंतर ते गॅलरीत जाऊन उभे राहिले.

अर्ज पाठवते आहे. किती पाठवले ते मोजणं सोडलंय. निम्म्या ठिकाणांहून उत्तरच नाही. एका ठिकाणाहून नकार दोनदा आला; अर्ज मी एकदाच केला होता. एका बाईंनी फार गोड लिहिलं, की तुमचं काम उत्तम आहे, स्वतःच्या पगाराची सोय करून आलात तर आनंदच होईल. माझं काम चलतीचं आहे असं सगळे म्हणतात: एकेका पेशीत कोणते जीन जागे आहेत नि कोणते झोपलेत, याचा संगणकावर माग काढायचा. चलतीचं आहे म्हणून ते करणारेही ढिगाने आहेत.

तू त्या एका लॅबमध्ये इतकी वर्षं आहेस. तुझाही करारच ना, दर दोन वर्षांनी? कशी टिकलीस? मला उपदेश नको, युक्ती सांग.

तुझी
बबडी


२२ फेब्रुवारी

डॉक्टर बबडे,

(तुझ्या आईला सांग, एक जण तरी म्हणायला लागलं.)

युक्ती माझ्याकडे एकच आहे. लॅब निवडताना साहेबांचे पेपर बघू नकोस. त्यांच्या हाताखालून बाहेर पडलेली माणसं आज कुठे आहेत ते बघ. सापडली तर त्यांना फोन कर. "सर खूप मोठे आहेत" एवढंच म्हणाली, तर तिकडे फिरकू नकोस. "सर वेंधळे आहेत, पण" अशी सुरुवात झाली, तर बॅग भर.

आमचे म्हातारे सर वेंधळे होते. 'होते', कारण गेल्या आठवड्यात ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी माझ्या नावाऐवजी बर्फवाल्या काकूंचं नाव घेतलं आणि काकूंच्या ऐवजी माझं. काकू म्हणजे आमच्या तंत्रज्ञ. फ्रीझर, द्रव नायट्रोजन, सगळं थंडगार खातं त्यांच्याकडे. दोघींनीही टाळ्या वाजवल्या.

टिकण्याचं म्हणशील, तर सर कुठून तरी ओढाताण करून माझा करार वाढवून आणायचे आणि मी सही करायचे. मी टिकतेय असं मला कधी वाटलंच नाही. मला वाटायचं, मी कामात आहे.

काम तुला ठाऊक आहे, पण वरवर. काही माणसांची फुफ्फुसं हळूहळू कडक होत जातात, श्वास पुरेनासा होतो. आत जखम झाली की ती सांधायला पेशी येतात, गवंडी यावेत तशा. जखम भरली की त्यांनी घरी जायचं. या आजारात ते गवंडी घरी जातच नाहीत, भिंतीवर भिंत बांधत सुटतात. पण थोड्या पेशंटमध्ये ते मध्येच थांबतात, आणि ती माणसं तग धरतात. का थांबतात, ते मी शोधतेय. त्यासाठी तीच माणसं पुन्हा पुन्हा तपासावी लागतात, वर्षानुवर्षं. दर गुरुवारी त्यांतली काही शेजारच्या रुग्णालयात येतात. मी रक्त घेते, नळीत फुंकायला लावते, गप्पा मारते. या गुरुवारी शिवणवाल्या बाई माझ्या कोटाची बाही बघून म्हणाल्या, "ही कुणी शिवली? त्याला माझ्याकडे पाठवा." एवढं बोलायला त्यांना दोनदा थांबावं लागलं.

नवे सर पुढच्या महिन्यात येतायत. तरुण आहेत, तुझ्यासारखेच संगणकवाले. बघू.

आत्या


६ एप्रिल

आत्या!

किती चोर आहेस तू! जाहिरात आज सकाळी पाहिली. "फुफ्फुसाच्या आजारांवरील संशोधनासाठी पोस्टडॉक हवा. पीएचडी होऊन चार वर्षांहून अधिक काळ झालेला नसावा. पेशींच्या माहितीचं संगणकीय विश्लेषण येणं आवश्यक." आणि खाली तुझी संस्था, तुझा विभाग, तुझा मजला! मी ती पुन्हा वाचली आणि आईला एवढ्या जोरात हाक मारली की तिच्या हातून झाकण पडलं. तुला माहीत असणारच. माझं मला कळू दे म्हणून गप्प बसलीस ना?

बाबा आत्तापासून सगळ्यांना सांगत सुटलेत, "माझ्या बहिणीकडेच राहील, म्हणजे काळजी नाही." मी म्हटलं, अहो, अजून अर्जही केलेला नाही. म्हणाले, "तो करशीलच की."

मुदत महिनाअखेर. संशोधनाचा आराखडा द्यायचाय. कच्चा सोबत पाठवतेय. तुझ्या कामाबद्दल मला जे ठाऊक आहे ते सगळं त्यात कोंबलंय, जरा पसारा झालाय. लाल पेन घेऊन बस, दयामाया नको. आणि शिफारस कुणाची घेऊ? तुझी चालेल, की नात्यातली म्हणून नको?

लहानपणी सुट्टीत तुझ्याकडे यायचे तेव्हा तू मला लॅबच्या दाराबाहेर खुर्चीवर बसवून ठेवायचीस. आता बघ, आत येते की नाही.

बबडी


२३ एप्रिल

बबडे,

उत्तराला उशीर झाला. खोकला होता, शिवाय लॅबमध्ये आवराआवर चाललीय. मुदत चुकायला नको म्हणून घाईने लिहिते.

शिफारस माझी नको. अर्जात माझं नावही कुठे नको. नातं आहे का असं विचारलं तर खरं सांग. नाहीतर आपण होऊन बोलू नकोस. निवड समितीत मी नाही.

आराखडा वाचला. पहिलं पान फाडून टाक. हा आजार किती वाईट आहे हे त्यांना माहीत आहे, म्हणूनच जाहिरात दिलीय. पुढे तू सहा प्रश्न विचारलेस. एक विचार. तिसरा परिच्छेद मी नव्याने लिहून सोबत पाठवतेय, तो तसाच्या तसा घाल. गवंडी थांबतात त्याच्या आधी त्यांच्या शेजारच्या पेशी बदलायला लागतात, असा मला संशय आहे. मोजक्या पेशंटमध्ये दिसलंय, छापलेलं कुठेच नाही. माझ्या पद्धतीने ते पकडता येत नव्हतं. तुझ्या पद्धतीने येईल.

मुलाखतीत नवे सर विचारतील, "दोन वर्षांत यातून काय हाती येईल?" तिथे विचार करत बसू नकोस. धडधडीत काहीतरी सांग. गप्प बसलं की ते पुढच्या प्रश्नाकडे जात नाहीत, घड्याळाकडे बघतात.

आधी अर्ज पाठव. आभार नंतर.

आत्या

जाहिरातीचं मला ठाऊक होतं, हे खरं. मी तुला आधी कळवायला हवं होतं.


११ जून

आत्या, झालं!

पत्र आज हातात पडलं. ऑगस्टपासून रुजू. मुलाखतीत नव्या सरांनी तुझा तो प्रश्न जसाच्या तसा विचारला, आणि मी तू सांगितलंस तसं धडधडीत ठोकून दिलं. समितीतल्या एक वयस्कर बाई तिसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवून बराच वेळ बसल्या होत्या. मग त्यांनी विचारलं, "हा विचार तुमचाच का?" मी अडखळले. तुझं नाव घ्यायचं नाही असं तूच सांगितलं होतंस. मी "हो" म्हणाले. तू रागावणार असलीस तर लगेच रागाव, म्हणजे संपेल.

सर म्हणाले, विभागाची फेररचना झालीय, एक जुनी जागा मोकळी होतेय, तिच्यातून ही नवी निघाली. दोन वर्षांची, पण पहिलं वर्ष संपताना तपासून पुढचं. मी म्हटलं, चालेल. काहीही चाललं असतं.

बाबा रडले. विचारलं तर म्हणाले, डोळ्यात काहीतरी गेलं. आईने लगेच माझ्या चादरी वेगळ्या काढल्या.

तुझी मागची खोली मला दे. भांडी मी घासेन, सकाळचा चहा मी करीन, आणि लॅबमध्ये तुला आत्या म्हणणार नाही. काय म्हणू मग?

बबडी


१९ जून

बबडे,

शाबास. "हो" म्हणालीस ते बरोबर केलंस, त्याचा विचार करू नकोस.

मागचीच का, दोन्ही खोल्या घे. मी या महिनाअखेर लॅब सोडतेय, आणि हे शहरही. घाबरायचं काही नाही, आपणहून सोडतेय. म्हातारे सर गेले, मलाही पुरे झालं. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीची तपासणी लॅब आहे, रक्त-लघवीचे रिपोर्ट देतात ती. तिला हाताशी माणूस हवं होतं. गाडीने एका दिवसाचा प्रवास आहे, त्यामुळे ऊठसूट यायला जमायचं नाही.

घरमालकीणबाईंशी बोललेय. शेगडीचा डावा बर्नर पेटत नाही. त्यांना सांगू नकोस, त्या दुरुस्त करतो म्हणतात आणि उजवाही बिघडवतात.

गुरुवार चुकवू नकोस. पेशंट वेळेच्या फार आधी येऊन बसतात, त्यांना उन्हाची बाजू नको असते. बसचालक काकांना आधी घे, ते वाट बघताना सगळ्यांना हसवतात आणि मग सगळे खोकत बसतात.

दादाला माझं मी कळवते. तू काही बोलू नकोस.

आत्या


३० ऑगस्ट

आत्या,

काल जेवताना बर्फवाल्या काकू सहज बोलून गेल्या, "आत्याची जागा मोडून ही केली, पण राहिली घरातच, तेवढं बरं झालं." मी घास तोंडात धरून बसले. त्यांना वाटलं होतं, मला माहीत आहे. माझा चेहरा बघून त्यांनी डबा बंद केला आणि सगळं सांगितलं.

नव्या सरांनी तुला मार्चमध्येच खोलीत बोलावून घेतलं होतं. करार वाढवता येणार नाही म्हणाले. पीएचडी होऊन इतकी वर्षं झालेल्या माणसाला करारावर ठेवायची नव्या नियमात सोय नाही, आणि कायमची जागा विभागात नाही. तू "बरं" म्हणालीस, आणि गुरुवार होता म्हणून सरळ पेशंटकडे गेलीस. काकू म्हणाल्या, त्या दिवशी तू एकाचं रक्त दोनदा घेतलंस.

मार्चमध्ये, आत्या! आणि एप्रिलमध्ये मी तुला चोर म्हणत नाचत होते. तू लाल पेन घेऊन बसलीस आणि स्वतःच्याच जागेसाठीचा अर्ज मला नीटनेटका करून दिलास. वर "आपणहून सोडतेय". ज्या परिच्छेदावर मला घेतलं तो तुझा, आणि मी त्या बाईंच्या तोंडावर तो माझा म्हणून सांगितला. तुझ्या खुर्चीवर बसते, तुझ्या कपात चहा पिते. रोज सकाळी कुलूप उघडताना मला चोरी केल्यासारखं वाटतं. तू मला विचारलं तरी होतंस का, मला हे असं हवंय का?

बाबांना माहीत आहे? आईला? की मी एकटीच मूर्ख?

राजीनामा लिहून ठेवलाय. तुझं पत्र येईपर्यंत थांबते, पण थांबते एवढंच.

बबडी


९ सप्टेंबर

बबडे,

राजीनामा देऊ नकोस. दिलास म्हणून ती जागा मला परत मिळणार नाही. यादीतल्या पुढच्या माणसाला मिळेल, आणि शिवणवाल्या बाई कोण हे त्याला ठाऊक नसेल.

दादाला माहीत नाही, वहिनीलाही नाही. मूर्ख कुणीच नाही.

नव्या सरांना दुष्ट समजू नकोस. सांगताना ते टेबलावरची एक टाचणी उलटसुलट करत होते. त्यांच्याही मानेवर मुदत आहे. ती उलटायच्या आत त्यांनी काही दाखवलं नाही तर त्यांनाही कुणीतरी असंच खोलीत बोलावेल. त्यांनी मला विचारलं, "दोन वर्षांत काय हाती येईल?" खरं उत्तर होतं, सांगता येत नाही. ते कसं म्हणावं याचा विचार करेपर्यंत वेळ संपला.

तुला का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर तू अर्ज केला नसतास, आणि घरात दोघी बेकार बसलो असतो. हे झालं तुला पटेल असं कारण. दुसरं तुला आवडणार नाही. मी काही त्याग वगैरे केलेला नाही, तसं समजून मला मोठं करू नकोस. मला माझे पेशंट घरात ठेवायचे होते. ते सॅम्पल, ते गुरुवार. अनोळखी माणूस आला असता तर सगळं पहिल्याच महिन्यात गुंडाळलं असतं. तू आलीस तर चालू राहील, असं मी धरून चालले. तुला तिथे बसवलं ते जेवढं तुझ्यासाठी, तेवढंच माझ्यासाठी. रागवायचंच असेल तर याच्यावर रागाव, तो राग रास्त आहे.

इथे रक्त सकाळी येतं आणि दुपारी रिपोर्ट तयार असतो. माणसं पाकीट तिथेच उभ्या उभ्या फाडून वाचतात. एवढ्या लवकर उत्तर मिळतं, याची मला अजून सवय व्हायचीय.

आत्या


१७ फेब्रुवारी

आत्या,

सप्टेंबरनंतर मी लिहिलं नाही. आधी रागाने, मग लाजेने, आणि मग सांगण्यासारखं काही चांगलं घडेल म्हणून थांबले. ते घडलं नाही, म्हणून हे लिहितेय.

दिवाळं निघाल्यासारखं झालंय. नोव्हेंबरमध्ये सरांची मोठी ग्रँट नाकारली गेली. जी छोटी मिळाली ती दुसऱ्याच विषयाची. सरांनी मला बोलावून सांगितलं, "प्रश्न चांगला आहे, पण तो दहा वर्षांचा आहे आणि आपल्याकडे पैसा दोन वर्षांचा आहे." पेशंटचं काम बंद. आणि फ्रीझरच्या खोलीत नवं यंत्र येणार, तेव्हा जुने सॅम्पल हलवा किंवा टाका.

मी भांडले, आत्या. मला येतं तेवढं भांडले. मग तीन संस्थांना लिहिलं, तुम्ही सांभाळा म्हणून. दोघांनी उत्तर दिलं नाही. तिसऱ्यांना हवे होते! पण त्यांचा नियम असा, की प्रत्येक पेशंटची संमती नव्या फॉर्मवर पुन्हा घेतलेली हवी. काकूंनी जुनी नावं काढली. निम्म्याहून जास्त माणसं आता नाहीत. त्यांची सही कुठून आणू?

गेल्या शुक्रवारी टाकले. काकू एकेक रॅक बाहेर काढून द्यायच्या आणि मी पिशवीत भरायचे. सुरुवातीला काकू नळ्यांवरचं तुझं अक्षर मोठ्याने वाचत होत्या. दुसऱ्या कप्प्यानंतर त्यांनी वाचणं थांबवलं. हातमोजे असूनही बोटं बधिर झाली. माणसं येऊन पिशव्या जाळायला घेऊन गेली. ती आपापसात कसल्या तरी सामन्याबद्दल बोलत होती.

मी काही नळ्या लपवून ठेवणार होते. खरंच. पण ठेवणार कुठे? आपल्या घरच्या फ्रीजमध्ये?

आणि अजून बाकी आहे. पेशंटना कुणी कळवलेलंच नाही. काल गुरुवारी मी रुग्णालयाच्या बाजूने जात होते, तर शिवणवाल्या बाई नेहमीच्या बाकावर बसलेल्या, सोबत चाकांचा ऑक्सिजनचा सिलिंडर. "आज उशीर झाला का ग तुला?" म्हणाल्या. मी म्हटलं, मशीन बिघडलंय, पुढच्या महिन्यात या. पळून आले. कार्यालयातून सगळ्यांना छापील पत्र जाणार आहे म्हणे. मी त्यांना काय सांगू, आत्या? तू असतीस तर काय सांगितलं असतंस?

बबडी


२३ फेब्रुवारी

बबडे,

पत्र मिळालं. तुझ्यावर राग नाही असं लिहिणार होते, पण होता. तुझ्यावर, काकूंवर, मेलेल्या माणसांवरसुद्धा. आता उतरलाय. तू आणखी काही करू शकली असतीस असं मला वाटत नाही. मी असते तरी पिशवीच भरली असती.

छापील पत्र तेवढं थांबव. सरांना म्हणावं, महिनाभर द्या, आम्ही समोर बसून सांगतो. ते हो म्हणतील. वाईट बातमी दुसऱ्याने सांगितलेली त्यांना चालते. जे हयात आहेत त्यांना काकूंकडून फोन करव आणि एकाच गुरुवारी बोलाव. मी येते.

लॅबमध्ये मला यायचं नाही. रुग्णालयातल्या बाकावरच बसू.

आत्या


११ मार्च

आत्या,

तू गाडीत बसलीस आणि मी तशीच चालत घरी आले. जे विचारायचं होतं ते फलाटावर विचारता आलं नाही, म्हणून लिहितेय.

काकूंनी सगळ्यांना फोन केले होते. आले तिघंच. त्यांतले एक शाळामास्तर सगळं ऐकून नुसतं "ठीक आहे" म्हणाले आणि औषधांची चिठ्ठी घडी करून गेले. बसचालक काका म्हणाले, "म्हणजे आमचा थांबाच रद्द!" आणि हसता हसता असे खोकायला लागले, की त्यांच्या बायकोने तुझ्याकडे रागाने बघितलं. तू मान खाली घातलीस. मी तुला कधी मान खाली घातलेली पाहिलं नव्हतं.

मग शिवणवाल्या बाई. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तुझा हात हातात घेतला आणि विचारलं, "माझ्यातलं काही... कामी आलं का हो?" आणि तू क्षणभरही न थांबता म्हणालीस, "आलं. खूप आलं." त्या म्हणाल्या, "मग बरं झालं." सिलिंडर ओढत दारापर्यंत गेल्या, तिथे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, मग बाहेर पडल्या.

मी तुझ्याकडे बघत होते. तू माझ्याकडे बघितलं नाहीस.

आत्या, खरंच आलं का काही कामी? तू छापलेलं सगळं मी वाचलंय, पण मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

दुसरी बातमी. काल सरांनी बोलावलं होतं. मला बोलावलं म्हटल्यावरच काकूंनी माझ्यासाठी चहा सांगून ठेवला होता. पुढचं वर्ष मिळणार नाही. जुलैपर्यंत आहे. पुन्हा अर्ज सुरू केलेत. या वर्षातून पेपर एकही नाही, त्यामुळे या वेळी नकारसुद्धा लवकर येतायत. तीन शिफारसी लागतात. एक माझ्या जुन्या गाइड बाई देतील, एक सर देतो म्हणालेत. तिसरी तुझी घेऊ का? तुझ्याइतकं माझं काम कुणी बघितलेलं नाही.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. रविवारी फोनवर ते म्हणाले, "दुसरं वर्ष लागेल ना आता, मग पगार वाढतो का ग?" मी म्हटलं, "बघू."

बबडी


१८ मार्च

बबडे,

तू विचारलंस, म्हणून सांगते. नाही आलं.

आमचे जे पेपर छापून आले ते मुख्यतः आम्हीच वाचले. तिसऱ्या परिच्छेदातला तो संशय खरा असेल. किंवा असंही असेल, की ती माणसं मुळातच लवकर आमच्याकडे आली, म्हणून जास्त दिवस जगल्यासारखी दिसली. कोणतं खरं, हे कळायला अजून काही वर्षं तीच माणसं तपासायला हवी होती. आता 'माझं चुकलं' असंसुद्धा मला म्हणता येत नाही. त्यालाही पुरावा लागतो, आणि तो तुम्ही त्या शुक्रवारी पिशवीत भरलात.

शिवणवाल्या बाईंना "आलं" म्हणाले, कारण विचारताना त्यांचा श्वास मध्येच तुटला. त्या उत्तरासाठी थांबल्या होत्या, आणि 'नाही' म्हटलं की पुढे बरंच बोलावं लागतं. त्यांना आता कधी भेटलीस तर माझं म्हणणं मोडू नकोस.

शिफारस मी आनंदाने दिली असती. पण मी तो फॉर्म ओळखते, वर्षानुवर्षं दुसऱ्यांसाठी भरलाय. नावाखाली पद विचारतात, पदाखाली संस्था. तिथे मी काय लिहू? माझ्या मैत्रिणीच्या लॅबचं नाव बघून ते तुझा अर्ज बाजूला ठेवतील. त्या वयस्कर बाई आठवतात ना, मुलाखतीतल्या? त्यांना गाठ, परिच्छेद कुणाचा होता ते खरं सांग, आणि मग विचार. देतील किंवा हाकलून देतील. माझ्यापेक्षा दोन्ही बरं.

जुलैमध्ये सामान आवरायला मी येईन. खोल्या सोडताना घरमालकीणबाई भिंतींवरून कटकट करतात, त्यांच्याशी मी बोलेन.

दादाला तू सांगू नकोस. तुझ्याकडून कळलं तर तो तुझ्यासमोर काही बोलणार नाही आणि आतल्या आत कुढत बसेल. माझ्यावर त्याला ओरडता येतं. या रविवारी मीच फोन करते. तुझं काही चुकलं नाही, हे मी त्याला पहिल्यांदा सांगेन. तो विचारणार, मग कुणाचं चुकलं? चार दिवस झाले, मी त्याचंच उत्तर शोधतेय.

आत्या